पावसाळ्यात घरात अडकलेल्या लॅब्राडॉरच्या डोक्याला काम काय द्यायचं?

राजारामपुरी_दुसरा_मजला

नमस्कार मंडळी. लॅब्राडॉर, नर, वय दोन वर्षं, वजन २८ किलो, नसबंदी झालेली. कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट नाही. एरवी सकाळी सातला आणि रात्री नऊला अर्धा-अर्धा तास फिरणं व्हायचं. पाऊस लागल्यापासून ते दहा मिनिटांवर आलंय: खाली न्यायचं, कार्यक्रम उरकायचा, वर आणायचं. साडेदहा ते सहा घरी फक्त आई. तिला गुडघ्यांचा त्रास, त्यामुळे वाकणं, खाली बसणं, ओढाओढी जमत नाही.

महिन्याभराचा हिशेब: कोल्हापुरी पायताणाचे दोन जोड, सोफ्याचा एक कोपरा, चार्जरची वायर (प्लग काढलेला होता म्हणून बरं). दुपारभर खिडकीत उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक रिक्षावर भुंकतो. खाणं दिवसाला ३५० ग्रॅम कोरडं खाद्य, दोन वेळेला मिळून. भांडं दीड मिनिटात चाटूनपुसून साफ. हॉलमध्येच चेंडू फेकून दमवायचा प्रयत्न चालू आहे. वीस मिनिटं पळतो, धापा टाकतो आणि अर्ध्या तासात परत सोफ्याकडे.

"त्याच्या डोक्याला काम द्या" असं जो तो सांगतो. म्हणजे नेमकं काय, किती वेळ, आणि घरातल्या वस्तूंत काय काय होईल? महागाची खेळणी शक्यतो नकोत.

नाकपुडी

पहिली गोष्ट, हॉलमधला चेंडू बंद करा. गुळगुळीत फरशीवर २८ किलोचा गडी वळताना घसरतो, त्यात गुडघ्याचे आणि खांद्याचे सांधे जातात. शिवाय चेंडूमागं सारखं पळून कुत्रं शांत होत नाही, आणखी चेकाळतं. दमलेलं दिसतं ते शरीर, डोकं तसंच पेटलेलं. अर्ध्या तासात सोफा आठवतो तो म्हणून.

दुसरं, हा कंटाळाच आहे ना याची खात्री करा. तुम्ही निघताना मोबाईल कपाटावर ठेवून पहिली चाळीस मिनिटं रेकॉर्ड करा. कंटाळलेलं कुत्रं थोडं फिरतं, काहीतरी चावतं, मध्येच झोपतं, समोर खाऊ असला तर खातं. तुमच्या जाण्यानं घाबरलेलं कुत्रं पहिल्या अर्ध्या तासातच दार ओरबाडतं, लाळ गाळतं, येरझाऱ्या घालतं आणि आवडता खाऊसुद्धा हुंगून सोडून देतं. आई घरात असूनही हे होऊ शकतं, कारण काही कुत्र्यांचा जीव एकाच माणसात अडकलेला असतो. तसं दिसलं तर खाली लिहिलेलं काही पुरणार नाही. तो वेगळा इलाज आहे आणि डॉक्टरांना दाखवून करायचा आहे.

कंटाळाच असेल तर सोपं आहे. तुमच्याकडं रोजचं ३५० ग्रॅम खाद्य आहे आणि ते तुम्ही दीड मिनिटात फुकट देऊन टाकताय. त्यातलं भांड्यात काहीच द्यायचं नाही. असे भाग पाडा: सकाळी १२० ग्रॅम शोधून खायला, दुपारी ८०, संध्याकाळी १००, उरलेले ५० ग्रॅम दिवसभरात शिकवताना एकेक दाणा करून. खाऊ म्हणून वरचं काही दिलं तर ते दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा. या वजनाच्या नसबंदी झालेल्या कुत्र्याला साधारण १,३५० किलोकॅलरी लागतात, म्हणजे वरचा खाऊ १३५ च्या आत. आणि जेवढं वर गेलं तेवढं कोरडं खाद्य कमी करायचं. लॅब्राडॉर लठ्ठ व्हायला निमित्तच शोधत असतो.

आता वस्तू. घरात जुनं बिडाचं अप्पेपात्र असेल तर तेच पहिलं कोडं. खळग्यात चार-चार दाणे टाका, वर टेनिसचे चेंडू ठेवा. चेंडू साडेसहा सेंटीमीटरचा आणि खळगे जवळजवळ, त्यामुळे सात खळग्यांच्या पात्रात सगळे चेंडू मावत नाहीत, एकाआड एक असे तीन-चारच बसतात. उरलेले खळगे रिकामे राहू द्या. रिकामं कुठलं, भरलेलं कुठलं हे नाकानं ठरवणं हेच तर काम. खाली पोतं अंथरा, नाहीतर पात्र फरशीवर सरकत जाऊन भिंतीला आपटतं आणि आवाजाला दचकून कुत्रं परत जवळ येत नाही. नॉनस्टिक पात्र वापरू नका, नखांनी लेप निघतो.

यात चुकतात ते इथे: पहिल्याच दिवशी सगळं झाकून ठेवतात. पहिल्या वेळी चेंडूच नको, नुसते दाणे. मग एकाच खळग्यावर चेंडू, तोही कडेला सरकवून, दाणा दिसेल असा. सुरुवातीला दहा सेकंदांत काहीतरी तोंडात गेलंच पाहिजे. दहातल्या आठ वेळा जमायला लागलं की थोडं अवघड करा. दोनदा लागोपाठ अडला तर एक पायरी खाली या. पंजे मारणं, भुंकणं, पात्र उलटं करणं सुरू झालं तर कोडं अवघड झालंय. कुत्र्याला दोष देऊ नका.

दुसरं, जुना अंघोळीचा टॉवेल. उलगडून पसरा, लांबीच्या बाजूनं ३० ग्रॅम दाणे ओळीत टाका, सैल गुंडाळी करा. तो नाकानं उलगडत जातो. जमलं की गुंडाळी घट्ट, मग दुमडून, मग मधोमध एक सैल गाठ. खाद्य संपलं की टॉवेल लगेच उचलायचा. तसाच पडून राहिला तर पुढचा खेळ टॉवेल फाडण्याचा.

तिसरं, पुठ्ठ्याची खोकी. चिकटपट्टी आणि पिना काढून टाका. खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे, त्यात दाणे. फाडाफाडी होऊ द्या. फाडायची हौस इथे भागली की सोफ्याचा कोपरा वाचतो. मात्र पुठ्ठा फाडून टाकतोय की गिळतोय यावर पहिले चार दिवस नजर ठेवा. गिळत असेल तर हा खेळ त्याच्यासाठी नाही.

आणि खिडकी. रिक्षा येते, हा भुंकतो, रिक्षा जाते. त्याच्या हिशेबानं दरवेळी तोच जिंकतो, मग सोडेल कशाला? काचेला खालपासून साडेतीन फुटांपर्यंत दुधी कागद चिकटवा. उजेड येतो, रस्ता दिसत नाही.

शिलाई_मशीन

हुंगायची मॅट (कापडी पट्ट्यांत दाणे लपवायची चटई) घरी करता येते, त्यात दोन-तीन चुका हमखास होतात म्हणून लिहितोय.

बेसिनखाली किंवा बाथरूममध्ये टाकतात ती भोकांची रबरी मॅट घ्या, साधारण ३० बाय ४० सेंटीमीटर. जुन्या टी-शर्टांच्या पट्ट्या कापा, रुंदी तीन सेंटीमीटर, लांबी १६ ते १८. एक पट्टी दोन शेजारच्या भोकांतून खालून वर काढून वर दोन गाठी मारायच्या. एका भोकातून चार दिशांना चार पट्ट्या गेल्या की झुडूप दाट होतं. एवढ्या मॅटला दीडशे-दोनशे पट्ट्या लागतात, म्हणजे तीन-चार मोठे टी-शर्ट. दोन संध्याकाळींचं काम.

कापड टी-शर्टाचंच का, तर ते विणीचं असतं, कापलेल्या कडेला दोरे सुटत नाहीत. इचलकरंजीकडच्या मागावरचं सुती कापड स्वस्तात मिळतं म्हणून बरेच जण तेच कापतात. त्याच्या कडा उसवतात, लांब दोरे निघतात आणि ते पोटात जातात. जुन्या सिंथेटिक साड्या तर नकोच, पट्टी गुळगुळीत असल्यानं गाठ सुटते आणि अख्खी पट्टी हातात, म्हणजे तोंडात.

पट्ट्या आखूड ठेवल्या तर दाणे वरच दिसतात, वीस सेंटीमीटरच्या वर गेल्या तर ओढायला सापडतात. ६० ग्रॅम खाद्य अशा मॅटमध्ये चोळून टाकलं तर सरावलेल्या कुत्र्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मॅट आठवड्याला धुवा आणि पावसाळ्यात पूर्ण सुकल्याशिवाय पुन्हा वापरू नका. ओली राहिली की आत बुरशी धरते, आणि त्याचं नाक तर सगळं त्यातच खुपसलेलं. दोन मॅट केल्या तर एक वाळत राहते.

राजारामपुरी_दुसरा_मजला

सगळ्यांचे आभार. व्हिडिओ काढला. दहा मिनिटं दारापाशी, मग खिडकी, मग झोप, उठून चप्पल. ठेवलेला खाऊ लगेच खाल्ला. म्हणजे कंटाळाच दिसतोय.

अप्पेपात्र हिट आहे, पण तीन दिवसांत चाळीस सेकंदांवर आलं. पोकळ रबरी खेळणं (कॉंगसारखं) एक घेतलं, त्यात खाद्य भरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं, तर चार वेळा चाटून सोडून दिलं. आणि मैत्रिणीकडं कारवानी (मुधोळसारखं शिकारी कुत्रं) आहे, तिला यातलं काहीच आवडत नाही म्हणे. ते का?

कारवानी_कान

शेवटच्या प्रश्नाचं आधी. लॅब्राडॉर नाक आणि पोट यावर चालतो, कारवानी आणि मुधोळ डोळ्यावर. लांब पल्ल्यावर हललेली वस्तू दिसली की पाठलाग, हे त्यांच्या रक्तात. मुधोळचे घोरपडे संस्थानिक असोत की आपल्याकडचे शिकारी, त्यांनी ही कुत्री सांभाळली ती पळण्यासाठी. त्यांच्यापुढं टॉवेलची गुंडाळी ठेवली तर ते तुमच्याकडं बघतात, टॉवेलकडं नाही. बऱ्याच जणांना पोटभर असताना खाण्याचं फार अप्रूपही नसतं. म्हणून "कुठल्याही कुत्र्याचं भांडं फेकून द्या" हा सल्ला सरसकट देऊ नये असं माझं मत आहे. नाकपुडी, या लॅब्राडॉरला तो चालेल. बारीक अंगाचं, खाण्यात चोखंदळ कुत्रं कोडं न सोडवता उपाशी बसतं. तिथं अर्धं भांड्यात आणि अर्धं खेळात. आणि जे कुत्रं खाण्यावर गुरगुरतं, त्याला घरभर खाद्य विखरून देणं म्हणजे घरभर भांडणाच्या जागा करणं.

अशांसाठी काठी-दोरी. एक मीटर लांब, पाऊण इंची पीव्हीसी पाइप, आतून दीड-दोन मीटर दोरी ओवलेली, खालच्या टोकाला गाठ, वरच्या टोकाला जुन्या टी-शर्टाची वेणी. काठी फिरवली की वेणी जमिनीवरून सशासारखी पळते. नियम तीन. वेणी जमिनीलगतच ठेवायची, हवेत उडवली की कुत्रं उडी मारून वाकडं उतरतं आणि मागच्या पायाचा अस्थिबंध (लिगामेंट) जातो. एका दिशेनं गरगर फिरवायचं नाही. आणि सुरू करण्याआधी "थांब", पकडल्यावर "सोड". या दोन शब्दांतच डोक्याचं काम आहे, पळणं फुकट मिळतं. पाच मिनिटं पुरे. ओल्या गवतावर, फरशीवर नको. वाढ पुरी न झालेल्या पिल्लाला उड्या-वळणांचे खेळ नकोत, मोठ्या जातींत वर्ष-दीड वर्षापर्यंत थांबा.

लेझरचा लाल ठिपका मात्र कुठल्याच कुत्र्याला दाखवू नका, डोळ्यानं शिकार करणाऱ्याला तर नाहीच. ठिपका कधी तोंडात येत नाही, पाठलाग पुरा होत नाही. काही कुत्री मग भिंतीवरच्या सावल्या आणि ताटाच्या चमकेमागंही तासन्‌तास लागतात. ती सवय लागली की सोडवणं फार जड जातं.

गोठलेल्या खेळण्याचं: पहिल्याच वेळी दगड दिलात त्याला. क्रम असा. पहिले दोन दिवस नुसते कोरडे दाणे, हलवलं की पडतील असे. मग भिजवलेलं खाद्य सैल भरून, न गोठवता. मग तेच फ्रीजमध्ये तासभर. मग फ्रीजरमध्ये दोन तास. रात्रभर गोठवणं हे शेवटचं. भरताना ६० ग्रॅम कोरडं खाद्य तेवढ्याच कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, दोन चमचे उकडलेला लाल भोपळा, एक चमचा बिनसाखरेचं दही. तळाला सगळ्यात चविष्ट काहीतरी, तोंडाशी दोन दाणे बाहेर डोकावणारे. ठासून भरू नका, आत हवा जायला वाट राहिली नाही की जीभ आत ओढली जाते. बारीक भोक दोन्ही बाजूंनी असलेलंच खेळणं घ्या ते याचसाठी.

कळंबा_काठ

चाळीस सेकंदांवर आलं म्हणजे कोडं संपलं. एकदा उत्तर कळलं की ते नुसतं भांडंच. वासाच्या कामाला मात्र तळ नाही, कारण दरवेळी लपवायची जागा नवी. या घरासाठी मी सगळ्यात वर तेच ठेवीन.

खायच्या वस्तूनं सुरुवात करा. पाच सारखी खोकी, उघडी, ओळीत. एकात उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. "शोध" म्हणा आणि गप्प राहा. बोट दाखवायचं नाही, "तिकडं तिकडं" नाही. कुत्रं माणसाचं बोट फार चटकन वाचतं, मग नाक कशाला वापरेल? सापडलं की खोक्यातच आणखी एक तुकडा टाका, म्हणजे बक्षीस वासापाशी मिळतं, तुमच्या हातात नाही. चार-पाच वेळा, की बंद. खाऊ ज्यात होता ते खोकं वेगळं ठेवा. वास मुरलेलं खोकं उद्या रिकामं ठेवलंत तर तो बरोबर तिथंच थांबेल आणि तुम्ही त्याला चूक म्हणाल.

आठवड्याभरात खोकी खोलीभर पसरवा, मग खोकी काढून सोफ्याखाली, दाराच्या मागं, खुर्चीच्या पायाशी. पुढची पायरी लवंग. तीन अख्ख्या लवंगा एका छोट्या भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डबीत, झाकण चिकटपट्टीनं पक्कं. लवंगेचं तेल घेऊ नका, ते उग्र असतं आणि नाकातोंडाला झोंबतं. डबी हातात धरा, त्यानं हुंगली की लगेच "शाब्बास" आणि दाणा. वीसेक वेळा. मग डबी खाऊबरोबर लपवा, मग नुसती डबी. सापडली की तिथं जाऊन खाऊ द्यायचा. एक गंमत लक्षात ठेवा: वास पंख्याबरोबर सरकतो. पंखा चालू असला तर वास लांबच्या कोपऱ्यात साचतो आणि कुत्रं डबी सोडून त्या कोपऱ्यात घुटमळतं. ते चुकत नसतं. सुरुवातीला पंखा बंद.

पंधरा मिनिटं असं काम केलेला लॅब्राडॉर दोन तास आडवा होतो.

फिरण्याबद्दल. दहाच मिनिटं मिळतात ना, मग ती चालण्यासाठी नसतात, हुंगण्यासाठी असतात. हार्नेस छातीवर इंग्रजी वायच्या आकाराचा, दोरी पाच मीटरची, आणि तो जिथं थांबेल तिथं तुम्ही थांबायचं. शंभर पावलंच झाली तरी हरकत नाही. एकाच खांबाजवळ तीन मिनिटं नाक लावून उभा राहिला तर तो गल्लीतला कालचा पेपर वाचतोय, ओढू नका. उघडीप मिळाली तर रंकाळ्यावर पहाटे जा, संध्याकाळी नाही. संध्याकाळी चौपाटीवर भेळेचे कागद आणि भाजक्या कणसांची बुरकुंडं पडलेली असतात. बुरकुंड हा पावसाळ्यातला मोठा धोका आहे, गिळलं तर पचत नाही, आतड्यात बुचासारखं बसतं. तोंडात गेलंच तर ओढायला जाऊ नका, ओढलं की तो पटकन गिळतो. हातातल्या चिकनशी अदलाबदल करा. आणि हा "सोड"चा सौदा घरी रोज पाच वेळा साध्या वस्तूंवर पक्का केलेला असला तरच बाहेर चालतो.

आज्ञांचं एक. घरात कोण "बस" म्हणतं, कोण "सिट", आजी "खाली बस रं" म्हणते आणि पोरं "बस की लेका". माणसाला कळतं, कुत्र्याला ते चार वेगवेगळे आवाज. कागदावर सात-आठ शब्द लिहून फ्रीजवर लावा: बस, झोप, थांब, सोड, शोध, जागेवर, इकडं, आण. सगळ्यांनी तेच. अमेरिकेत जॉन पिली यांनी चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली होती. आपल्याला दोन आली तरी पावसाळा निघतो. एक खेळणं घ्या, "दोरी" म्हणा, नाक लावलं की दाणा. पक्कं झालं की शेजारी दुसरी अनोळखी वस्तू ठेवून "दोरी आण". मग त्या वस्तूला नाव. एका बैठकीला तीन ते पाच मिनिटं, दहा-बारा वेळा, आणि तो अजून हवं म्हणत असतानाच थांबायचं.

मात्रा_आणि_वजन

दवाखान्याच्या बाजूनं थोडं, कारण असल्या धाग्यांत उत्साहाच्या भरात पोटात काय काय जातं ते मागाहून कळतं.

सगळ्यात आधी, वागणं महिन्याभरात बदललंय तर कान, कातडी आणि दात बघून घ्या. पावसाळ्यात लॅब्राडॉरचे लोंबते कान आतून ओले राहतात आणि खाज सुटते. खाजणारं कुत्रं अस्वस्थ असतं आणि लोकांना वाटतं कंटाळलंय. कानाला वास, डोकं झटकणं, पंजे सारखे चाटणं असेल तर आधी उपचार. बोटांच्या बेचक्यांत आणि कानाच्या घडीत गोचीड रोज बघा. साचलेल्या पाण्यातून उंदराच्या मुतानं पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, त्याची लस दरवर्षी लागते. पत्रिका काढून तारीख बघा.

खाऊ. मटणाच्या दिवशी रश्श्यातलं हाड देण्याची आपल्याकडं फार आवड. शिजलेलं हाड चिरफळतं आणि आतडं फाडतं, शिवाय रश्श्यात कांदा-लसूण असतं, ज्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. "तिखट नाही, आळणी (मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी) दिलंय" हे उत्तर चालत नाही. आळण्यातही मीठ, आलं-लसूण, बहुतेक घरी कांदा पडलेलाच असतो. द्यायचंच तर काही घालण्याआधी चार तुकडे वेगळ्या भांड्यात नुसत्या पाण्यात उकडा. द्राक्षं आणि बेदाणे अजिबात नाहीत, तासगावचे असोत नाहीतर कुठले. थोड्यानंही काही कुत्र्यांची किडनी बसते. चॉकलेट नाही. शेंगदाण्याचं लोणी विकतचं घेतलं तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, कुत्र्याला विषारी) नाही हे वाचून घ्या. त्यापेक्षा भाजलेले, बिनमिठाचे शेंगदाणे घरी वाटा, पण चमचाभरच, तेल फार असतं. कट्ट्यावर समोर काढून देतात ते म्हशीचं दूध माणसांसाठी ठेवा, वाढ झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना ते पचत नाही, जुलाब होतात.

चावायच्या वस्तूची परीक्षा सोपी: अंगठ्याचं नख रोवून बघा. खूणही उठत नसेल तर ती त्याच्या दातापेक्षा कडक आहे. शिंगं, खूर, जाड हाडं यांवर वरची मोठी दाढ उभी चिरते. उसाचं कांडं द्यायची पद्धत आहे, पण साखर सोडा, चिपाड गिळलं तर अडकतं. नारळाची करवंटी आणि शेंडी दोन्ही नको. आणि जुनं पायताण "हे तुझं" म्हणून देऊ नका. कमावलेल्या कातड्याला वास तोच, घामही तुमच्याच पायाचा. जुनं कुठलं आणि सणाचं नवं कुठलं हे त्याला कळणार नाही. पायताणं कपाटात, एवढाच इलाज.

दोरा-चिंधी गिळल्याचा संशय असेल आणि मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसाच दवाखान्यात. ओढला की आतडं दोऱ्यावर चुण्या पडून कापलं जातं. सारखी उलटी, खाणं बंद, पुढचे पाय खाली आणि ढुंगण वर अशी ताणलेली बसणी, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

जेवणानंतर तासभर पळापळ नको. वासाची कामं चालतात.

राजारामपुरी_दुसरा_मजला

आळण्याचं आजपासून बंद. शेवटचा प्रश्न. दुपारचं सगळं आईच्या जिवावर आहे आणि ती वाकू शकत नाही. तिनं खुर्चीत बसून काय करावं? आणि दिवसभरात एकूण किती? सतत काहीतरी चालू ठेवायचं का?

नाकपुडी

सतत नको. वाढ झालेलं कुत्रं चोवीस तासांत बारा-चौदा तास झोपतं आणि ती झोप मोडली तर तेच कुत्रं चिडकं होतं. एकूण काम दिवसाला चाळीस-पन्नास मिनिटं, तेही तुकड्यांत. प्रत्येक तुकड्यानंतर चाटायला किंवा चावायला काहीतरी द्या, त्यानं तो आपोआप खाली येतो आणि झोपतो.

आईंसाठी तीन फूट लांब, दोन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आणा. कडा कानसनं घासून घ्या. त्या खुर्चीत बसतील, पाइपचं खालचं टोक हुंगायच्या मॅटवर टेकवतील आणि वरून मूठभर दाणे सोडतील. वाकायचं कामच नाही. तो पाइपकडं झेपावू नये म्हणून आधी "थांब", दाणे पडून संपल्यावर "शोध". पहिले दोन दिवस तुम्ही शेजारी उभे राहा, नाहीतर २८ किलो थेट गुडघ्यांवर यायचे.

दुसरं, कुठल्या मुठीत. दोन्ही मुठी गुडघ्यांच्या उंचीवर, एकीत दाणा. ज्या मुठीला नाक लावेल ती उघडायची. पंजा मारला तर मूठ बंदच. आईंची कातडी पातळ असेल तर हे फार महत्त्वाचं, नख लागलं की जखम भरायला वेळ लागतो. दहा वेळा, दोन मिनिटांत होतं.

तिसरं, लवंगेची डबी खुर्चीच्या उंचीवर लपवणं: सोफ्याच्या हातावर, खिडकीच्या कठड्यावर, टीपॉयवरच्या पेपरांखाली. लपवताना तो आतल्या खोलीत, दार लावून. आई दार उघडतात आणि "शोध" म्हणतात, बस. हे मात्र तुम्ही त्याला आधी जमिनीवर शिकवलेलं हवं. उंचीवरचा वास खाली ओघळतो आणि नवखं कुत्रं टेबलाखालीच शोधत राहतं.

आणि इडलीपात्राची एक थाळी मधल्या दांड्यापासून सुटी करून फ्रीजरमध्ये ठेवा, चार खळग्यांत मिळून ५० ग्रॅम दही फासून गोठवलेलं. आधी कडेवर बोट फिरवून बघा, धारदार असेल तर ती थाळी नको. खुर्चीशेजारी बुटक्या स्टुलावर ओल्या फडक्यावर ठेवली की सरकत नाही आणि आईंना वाकावं लागत नाही. साडेदहाला तुम्ही निघताना अप्पेपात्र, एकला पाइप आणि मॅट, तीनला मुठी नाहीतर डबी, लगेच इडलीची थाळी. मधल्या वेळी त्याला कोणी बोलवायचं नाही, नातवंडंसुद्धा नाहीत.

तीच कोडी रोज नकोत. चार-पाच करा आणि आळीपाळीनं काढा, उरलेली कपाटात वर, वास येणार नाही अशी डब्यात. दोन दिवस न दिसलेलं अप्पेपात्र तिसऱ्या दिवशी पुन्हा चार मिनिटं पुरतं. हॉलमध्ये तो जिथं वळतो तिथं रबरी पट्टा किंवा जुनी सतरंजी टाका. आणि पहिले दोन आठवडे रोज रात्री एकच ओळ लिहून ठेवा: काय दिलं, किती वेळ पुरलं, नंतर झोपला की सोफ्याकडं गेला. कुठलं काम त्याला थंड करतं आणि कुठलं पेटवतं ते त्यातून कळेल, मग पेटवणारं दुपारच्या यादीतून काढा आणि संध्याकाळी तुम्ही घरी असताना करा.